"काका, पॅकेज घेऊ का?" असं विचारणाऱ्या सोलापूरच्या सगळ्या कारागीर भावांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि हद्दवाढ भागातले समस्त प्लंबर, वायरमन, पेंटर, एसी-फ्रिजवाले, फरशीवाले, सुतार, वॉटरप्रूफिंगवाले, टाकी धुणारे आणि जे कोण राहिले असतील ते,

विजापूर रोडच्या एका प्लंबरचा रामराम.

गेल्या आठवड्यात हार्डवेअरच्या दुकानात पाऊण इंची बॉलकॉक घ्यायला उभा होतो. काउंटरवर नेहमीची मंडळी, कुणी सीपीव्हीसीचे एल्बो मोजतोय, कुणी उधारीची वही शेठच्या पुढून हळूच बाजूला सरकवतोय, तेवढ्यात शर्ट इन केलेला एक पोरगा आला, हातात टॅब, गळ्यात आयकार्ड, नेटवरून गिऱ्हाईकांचे नंबर मिळवून देणाऱ्या कंपनीचं पॅकेज विकायला, आणि सुरूच झाला की ओ, "सर आपका बिझनेस डबल हो जायेगा, रोज के चार-पाच कस्टमर, आज का आज ऑफर है." शेजारी एक एसी रिपेअरवाला पोरगा उभा होता, धंदा टाकून दीडच वर्ष झालंय त्याला, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, काका, घेऊ का? मी तोंड उघडायच्या आत काउंटरवरून पाच जणांनी पाच उत्तरं दिली. एक म्हणला फ्रॉड हाय बे सगळं, दुसरा म्हणला मी दरवर्षी घेतो मला परवडतं, तिसऱ्यानं आपल्या मेव्हण्याचे किती बुडले ते सांगायला घेतलं, आणि माझा फोन वाजला म्हणून मी अर्धवट "बघू नंतर बोलू" म्हणून निघून आलो. ते अर्धवट उत्तर आठ दिवस डोक्यात घोळायलंय म्हणून हे लिहायला बसलो, लिहायची सवय नाही, मोबाइलवर बोटानं टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

आधीच सांगतो, मी कुठल्या कंपनीचं नाव घेणार नाही. माझं कुणाशी भांडण नाही. मी दोनदा पैसे भरलेत, स्वतःच्या मर्जीनं भरलेत, कुणी डोक्याला पिस्तूल लावलं नव्हतं. पण मी एक शहाणपणा केला होता, म्हणजे मी नाही, आमच्या मंडळींनी केला. तिनं पहिल्या दिवसापासून शंभर पानी वही घातली, कुठल्या तारखेला कुणाचा फोन, कुठला भाग, काय काम, पुढं काय झालं, पैसे किती सुटले. आपल्यातल्या कुणालाही विचारा पॅकेज परवडलं का, तो मनातलं सांगतो, म्हणजे शेवटचं काम चांगलं झालं असलं तर परवडलं म्हणतो, शेवटचं बुडलं असलं तर फ्रॉड म्हणतो. माझ्याकडं वही हाय, म्हणून वहीतलं सांगतो.

पॅकेज २४,००० चं, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,३२०, म्हणजे खिशातून गेले २८,३२०. या जीएसटीकडं आपण बघतच नाही. मोठ्या फर्मला तो स्वतःच्या भरायच्या जीएसटीतून वळता करता येतो, आपल्यातल्या बहुतेकांची उलाढाल २० लाखाच्या आत, जीएसटी नंबर काढलेलाच नसतो, त्यामुळं आपले ते ४,३२० गेले ते गेले. तर वर्षभरात लीड, म्हणजे काम पायजे असं कंपनीला सांगणाऱ्या गिऱ्हाईकांचे नंबर, आल्या ९६. ऐकायला बरं वाटतं, आठवड्याला दोन. आता त्या ९६ मधले ३१ जण असे की फोनच उचलला नाही किंवा नंबर चुकीचा किंवा "हमने तो कुछ नहीं डाला भाई" म्हणणारे. ९ पंढरपूर, बार्शी, एक तर तुळजापूरची, आता तुळजापूर आपल्या जिल्ह्यातसुद्धा नाही, आणि पंढरपूरला सत्तर किलोमीटर एक फ्लश टाकी बघायला कोण जाणार, विठ्ठलाचं दर्शन तेवढं होईल. १४ जणांना प्लंबर नकोच होता, कुणाला गीझरवाला, कुणाला बोअरवाला, आणि त्यातले चार तर मलाच पाइप विकायला बसलेले एजंट. २२ जणांनी फक्त रेट विचारला. राहिले २०, त्यांच्या घरी गाडी घेऊन गेलो, आणि त्यातली ११ कामं मिळाली.

२८,३२० ला ११ नं भागा, एका कामामागं २,५७४ रुपये. म्हणजे दारात पाऊल ठेवायच्या आधीच मी अडीच हजार देऊन बसलोय.

आता त्या ११ मधली ८ कामं किरकोळ, नळाचा वायसर, फ्लशचा सायफन, सिंकखालचं गळणं, बॉलकॉक. सगळ्यांची मिळून मजुरी ३,२०० सुटली. ३ कामं मोठी. एक बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, त्यात ६,००० राहिले. एक टेरेस, १४,००० राहिले. आणि होटगी रोडकडं एका बंगल्याचं पूर्ण फिटिंग, २२,००० राहिले. बेरीज केली तर ४५,२००, त्यातून पॅकेज वजा, १६,८८० शिल्लक. मी खुश. मंडळीला म्हणलं बघ, परवडलं. ती म्हणाली बंगल्याच्या मालकाला विचारलं का तुम्हाला आमचा नंबर कसा मिळाला?

विचारलं. त्यांना माझं नाव आधी हार्डवेअरच्या शेठनं सांगितलं होतं. चिठ्ठी हरवली, म्हणून नेटवर नाव टाकून शोधलं, तिथं कंपनीचं पान सगळ्यात वर, त्यावरून फोन केला, आणि तो कंपनीच्या हिशोबात लीड म्हणून पडला. आता ते काम कुणाचं? शेठचं का कंपनीचं? मी म्हणतो शेठचं. ते एक काम काढा, ४५,२०० चे २३,२०० होतात आणि मी ५,१२० रुपये घाट्यात. पेट्रोल आणि वीस वेळा कुणाच्या तरी गेटवर "साहेब आतायत का" म्हणून उभं राहिलो ते वेगळं. पण दुसरी बाजूपण सांगितली पायजे, टेरेसवाल्यांनी पुढच्या दोन वर्षात त्यांच्या गल्लीतली तीन कामं दिली, ती त्या वर्षाच्या वहीत नाहीत. म्हणजे नफा का तोटा हे एका ओळीत सांगता येत नाही, आणि जो एका ओळीत सांगतो, मग तो टॅबवाला असो नायतर काउंटरवरचा मेव्हण्यावाला, त्याच्याकडं वही नाही एवढं समजायचं.

आपल्या धंद्यात काम आणून देणाऱ्याला पैसे द्यायचे हे काय कंपन्यांनी काढलेलं नाही. शेठ आपलं नाव सांगतो, आपण माल त्याच्याकडून घेतो, दुसरीकडं चार रुपये स्वस्त असला तरी. अपार्टमेंटचा वॉचमन फोन करतो, काम झाल्यावर आपण त्याला शंभर-दोनशे देतो. मुकादमाला द्यायला लागतात, सेक्रेटरीला दिवाळीला मिठाईचा बॉक्स जातो. पेंटर लोकांचं तर रंगाच्या डब्यातलं टोकन वेगळंच राजकारण हाय, ते मी इथं काढत नाही. सांगायचं एवढंच की आपण कायमच कामाचे पैसे देत आलोय, फरक दोन गोष्टीत हाय. एक, शेठला आणि वॉचमनला आपण काम झाल्यावर देतो, काम नाही तर पैसे नाहीत. दोन, शेठनं नाव सांगितलं म्हणजे त्याची स्वतःची जबान त्यात गुंतली, मी काम बिघडवलं तर गिऱ्हाईक उद्या त्याच्या काउंटरवर येऊन बोलणार, आणि गिऱ्हाईकानं पैसे बुडवले तर मी शेठलाच सांगणार. लीडमधे मधला माणूसच नाही. त्यांनी नंबर दिला, त्यांचं काम झालं, पुढं तुमी आणि तुमचं नशीब.

दुसऱ्यांदा मी जे घेतलं ते वर्षाचं नव्हतं, क्रेडिटवालं होतं. ऍपमधे पैसे भरून ठेवायचे, काम दिसलं की बटण दाबायचं, दीडशे-दोनशे कापले जातात आणि गिऱ्हाईकाचा नंबर उघडतो. हे मला आधी लई आवडलं, कारण पंढरपूरचं असलं तर दाबायचंच नाही. पण तोच नंबर तुमच्यासारख्या चार-पाच जणांनी उघडलेला असतो, आणि प्रत्येकाचे कापलेले असतात. म्हणजे दोनशेची वस्तू कंपनीनं हजाराला विकली आणि ती वस्तू एकालाच मिळणार. मी एकदा दुपारी जेवून फोन लावला, बाई म्हणाल्या "अहो दादा, सकाळपासून तुमी पाचवे, आता माणूस येऊन बसलाय घरात." ते जेवण मला दोनशेला पडलं. या खेळात जो पाच मिनिटात फोन लावतो त्याचंच चालतं, आणि पाच मिनिटात फोन कोण लावू शकतो, तर ज्याच्याकडं ऑफिसमधे फोनवर माणूस बसवलाय तो. आपण तर पाइपाला हॅक्सॉ लावलेला असतो, हाताला सोल्युशन चिकटलेलं, फोन डिक्कीत वाजत असतो.

आणि एक गोष्ट मला सहा महिन्यांनी कळली. सोलापुरात ज्याला घर हाय त्याला प्लंबर हाय. आपल्याकडं नळाला रोज पाणी कुठं येतं, काही दिवसांआड येतं, मग घराघरात हौद, हौदावर मोटार, वर सिंटेक्स, आणि पाणी यायच्या दिवशी बरोब्बर मोटार एअर पकडते नायतर फूटवॉलमधे कचरा अडकतो. पाणी दोन-तीन तासात जाणार. त्या टायमाला कुणी ऍप उघडून पाच जणांचे रेट मागवत बसत नाही, जो ओळखीचा त्याला फोन लावतो आणि ओरडतो, "अहो या की लवकर, पाणी चाललंय!" मग ऍपवर कोण येतं? एक, नवीन भाड्यानं आलेले, बदलीवर आलेले, नवीन फ्लॅटवाले. हे चांगलं गिऱ्हाईक, हे धरून ठेवायचं. आणि दुसरे ते, ज्यांच्याकडं त्यांचा जुना प्लंबर यायला तयार नाही. का तयार नाही हे तुम्हाला काम संपल्यावर पैसे मागताना कळतं. मला दोनदा कळलं.

भाषेचं पण सांगतो, कारण हे टॅबवाल्याला कधीच कळणार नाही. वहीतल्या त्या २० घरांमधलं एक अशोक चौकाच्या मागं होतं. कंपनीच्या कॉल सेंटरवरून हिंदीत "मॅडम आपकी रिक्वायरमेंट कन्फर्म कर लूं" असं झालं असणार, म्हातारी काहीतरी हो हो म्हणाली असणार, लीडवर लिहून आलं "न्यू बाथरूम फिटिंग". मी मोठ्या कामाच्या आशेनं गेलो. म्हातारी तेलुगूत सांगायली, मला अर्धं कळतंय अर्धं नाही, शेवटी माझ्या हेल्परला बोलावलं, त्याची आई पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी, तो तिच्याशी दोन मिनिटं बोलला आणि हसायला लागला. तिला बाथरूममधला नवीन नळ पायजे होता, एकच. नळ बसवला, ३०० घेतले, चहा प्यायलो. पण त्या हेल्परला आता त्या गल्लीतून नावानं फोन येतात, म्हातारीनं सगळीकडं सांगितलं आपला पोरगा हाय म्हणून. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, या शहरात जो गिऱ्हाईकाच्या भाषेत दोन वाक्यं बोलतो त्याच्याकडं काम येतं, ही लीड कुठल्या पॅकेजमधे मिळत नाही.

माझा पुतण्या पुण्यात कंपनीत हाय, त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणला काका हे अमेरिकेत पण झालंय. तिथं होमऍडव्हायझर नावाची मोठी कंपनी, आपल्यासारख्याच प्लंबर-पेंटरला लीड विकणारी. मार्च २०२२ मधे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं तिच्यावर तक्रार दाखल केली, की तुमी कारागिरांना लीडच्या दर्जाबद्दल आणि किती लीडची कामं होतात याबद्दल दिशाभूल करणारं सांगितलं. जानेवारी २०२३ मधे ७२ लाख डॉलरपर्यंत भरायचा आदेश निघाला, आपल्या रुपयात तेव्हाच्या भावानं साठेक कोटी. मला हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढ्या लांब, तिथल्या प्लंबरकडं व्हॅन असते, आणि त्याचं रडगाणंपण आपल्यासारखंच.

आपल्याकडचं उदाहरण अर्बन कंपनीचं घ्या. २०१४ साली अर्बनक्लॅप नावानं सुरू झाली तेव्हा तीपण गिऱ्हाईक आणि कारागीर जोडून द्यायचं काम करायची, लीड द्यायची. पुढं त्यांनी स्वतःच तो रस्ता सोडला, रेट कंपनीचा, ट्रेनिंग कंपनीचं, गिऱ्हाईक कंपनीचं, आणि कारागिराकडून प्रत्येक कामामागं कमिशन, असं केलं. किरकोळ कामात लीड विकून भागत नाही हे त्यांना कळलं असणार असं आपलं माझं मत. पण कमिशनवालंपण काय गोड नसतं, ऑक्टोबर २०२१ मधे गुरुग्रामला त्यांच्या ब्युटीच्या कामातल्या बायका कमिशन आणि अटींविरुद्ध कंपनीच्या ऑफिससमोर आंदोलनाला बसल्या होत्या. काम झाल्यावर पैसे कापतात हे मला पटतं, पण गिऱ्हाईक कायमचं कंपनीचंच राहतं हे पटत नाही. मी जिथं वायसर बदलतो तिथं मला पाच वर्षांनी बाथरूम करायचं असतं.

तर मग घ्यायचं का नाही?

काम किती रुपयांचं त्यावर हाय. माझा स्वतःचा ठोकताळा असा, काम मिळवायला जो खर्च झाला तो त्या कामात सुटणाऱ्या पैशाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर गेला नाही पायजे. दोनशेची लीड, सहातलं एक काम झालं, म्हणजे काम पडलं १,२०० ला. पेंटर असाल आणि टू बीएचकेच्या कामात १२-१५ हजार सुटणार असतील तर खुशाल घ्या, १,२०० काहीच नाहीत. टेरेस वॉटरप्रूफिंग, मॉड्युलर किचन, पूर्ण बंगल्याचं वायरिंग, फॉल सीलिंग, यांनापण परवडतं. पण नळ, पंखा, स्विचबोर्ड, बिजागरी, ४०० रुपयांच्या कामासाठी १,२०० च्या लीड, हे म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत पन्नास रुपये देऊन रिंगा टाकायच्या आणि साबणाची वडी जिंकून घरी यायचं.

शहरात नवीन असाल तरीपण घ्या. जत्रेत हरवलेल्या पोरासारखं उभं राहण्यापेक्षा पहिले सहा महिने पैसे देऊन पन्नास घरं बघितली, त्यातली दहा घरं धरली, तर पॅकेज वसूल. पण मग प्रत्येक घराकडं पहिलं घर म्हणून बघा, वायसर बदलताना बाकीचे नळपण बघून सांगा, नंबर मोबाइलमधे सेव्ह करून द्या.

वर्षाचं घेऊ नका, सीझनचं मागा. "सर मिनिमम एक साल" म्हणतील, म्हणू द्या, महिनाअखेरला त्यांचं टार्गेट असतं तेव्हा तीन महिन्यावर येतात. एसीवाल्याला सोलापुरात मार्च, एप्रिल, मे, पारा चाळीस-बेचाळीसच्या वर गेला की माणूस रेट विचारत नाही. पेंटरला गणपतीपासून दिवाळीपर्यंत. आणि वॉटरप्रूफिंगवाल्यांनो, तुम्हाला हे लोक मे महिन्यात गाठतात, पावसाळा आला म्हणून, तो मुंबई-पुण्याचा हिशोब हाय. आपल्याकडं जूनमधे चार थेंब पडतात, खरा पाऊस सप्टेंबरला, गळतीचे फोन ऑगस्ट-सप्टेंबरला येतात. मी मेमधे घेतलं आणि तीन महिने नुसतं आकाशाकडं बघत बसलो.

सही करायच्या आधी काय विचारायचं ते पण सांगतो, तोंडी नको, व्हॉट्सऍपवर लिहून घ्या. एक लीड किती जणांना जाते. भाग कुठला, नुसतं "सोलापूर" नको, ४१३ नं सुरू होणारे पिन पंढरपूर-बार्शीलापण हायेत, म्हणून पूर्ण सहा आकडे लिहून घ्या. चुकीच्या नंबरचे पैसे परत का क्रेडिट परत, आणि किती दिवसात कळवायचं. मधेच बंद केलं तर काय. टॅबवाला पोरगा सगळ्याला "हो जायेगा सर" म्हणतो, लिहून द्या म्हणलं की त्याला अर्जंट फोन येतो. त्या पोरावर राग धरू नका, तो पगारी हाय, सहा महिन्यांनी तो दुसरीकडं बिस्किटं विकत असतो आणि त्यानं काय कबूल केलं होतं ते ऑफिसात कुणालाच माहीत नसतं.

आणि ऑटोपे! माझं वर्ष संपलं, मी समजलो विषय संपला, आणि पुढच्या महिन्यात खात्यातून हप्ता गेला. मी भांडायला निघालो तर कळलं की सुरुवातीला "सर बस एक ओटीपी" म्हणून जे घेतलं होतं ते आपोआप पैसे कापायचं मॅन्डेट होतं. सही माझी, चूक माझी. यूपीआयवरचं असेल तर पैसे कापायच्या चोवीस तास आधी मेसेज येतो, तो आपण वाचत नाही, आणि आपल्याच ऍपमधे ऑटोपे म्हणून एक कोपरा असतो तिथं जाऊन ते रद्द करता येतं, कंपनीच्या पाया पडायची गरज नाही. बँकेच्या खात्याला थेट जोडलेलं असेल तर शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आज रात्री जेवण झाल्यावर प्रत्येकानं एकदा तो कोपरा उघडून बघा, दोन-चार जणांना तरी धक्का बसणार.

आता माझं सध्या कसं चाललंय ते. पॅकेज नाही. गूगलवरचं धंद्याचं पान हाय, बिझनेस प्रोफाइल म्हणतात, ते फुकट असतं, कायमच फुकट होतं. "आपका गूगल लिस्टिंग बंद होनेवाला है, पैसा भरो" असा फोन आला तर तो चोर समजून ठेवून द्या. पान पुतण्यानं काढून दिलं, घरचा पत्ता लपवून नुसता भाग दाखवता येतो, व्हिडिओ काढून खात्री करून द्यायला लागली. काम झालं की फोटो टाकतो, आधीचा आणि नंतरचा, आणि गिऱ्हाईकाला चहा पिता पिताच म्हणतो दोन ओळी लिहा की, मराठीत लिहा, कानडीत लिहा, कशातपण लिहा. नंतर लिहितो म्हणणारा कधी लिहीत नाही, मी पण लिहीत नाही.

दुसरं, स्टिकर. पाचशे स्टिकर छापले, दोन हजाराच्या आत भागलं. नाव, नंबर, एवढंच, देवाचा फोटो नाही, सगळ्या कामांची यादी नाही. आणि ते दारावर नाही लावत, दारावरचं मालकीणबाई संध्याकाळपर्यंत खरवडून काढतात. मोटारीच्या स्विचच्या शेजारी लावतो. पाणी यायच्या दिवशी माणूस स्विच दाबतो, मोटार नुसती घुं करते, पाणी उचलत नाही, आणि डोळ्यासमोर काय, तर माझा नंबर. २८,३२० मधे ११ कामं आली होती, त्या दोन हजारात किती आली ते वहीत हाय, आकडा सांगत नाही, उद्या सगळे माझ्याच स्टिकरवर स्टिकर लावाल.

लीड विकणाऱ्या कंपनीतलं कुणी हे वाचत असेल तर तुम्हाला एकच मागणं. एक लीड एकाला द्या आणि काम झाल्यावर पैसे घ्या. दोनशे नाही, पाचशे घ्या, हजार घ्या, शेठला आणि वॉचमनला देतो तसे हसत देतो. तुमचा तुमच्या लीडवर एवढा भरवसा हाय ना, मग थोडी जोखीम तुमीपण उचला की. "सिस्टीममधे तसं नाही सर" हे उत्तर मी ऐकलंय, परत नको.

आणि एसीवाल्या पोरा, तुझं उत्तर. तू नवीन हायस, एसीत आहेस, गॅस भरायचं आणि इन्स्टॉलेशनचं काम हजारात जातं, नवीन भाडेकरू सगळ्यात जास्त तुझ्याकडंच येणार. घे. मार्च ते मे, तीनच महिने, क्रेडिटवालं, पिन लिहून, ऑटोपे न देता. फोन उचलायला बहिणीला नायतर आईला बसव, पाच मिनिटाच्या आत फोन गेला पायजे. आणि पहिल्या दिवसापासून वही घाल. कशी घालायची कळलं नाही तर घरी ये, आमच्या मंडळींची वही दाखवतो, ती हातात देणार नाही पण दाखवेल.

आता थांबतो, आमच्या भागात पहाटे पाणी हाय, साडेचारपासून फोन सुरू होतील.

आपला,
विजापूर रोडचा एक प्लंबर